चौदा दिवसांची चूल

बबिताची चूल पंधराव्या दिवशी सकाळी मोडली. सासूनं, म्हणजे नर्मदाबाईनं, पहारीचा एकच घाव घातला, माती टोपलीत भरली आणि टोपली उकिरड्यावर रिकामी करून आली. तेव्हा घरातले सगळे अंगणातच होते. कुणी दात घासत होतं, कुणी मोटारसायकल पुसत होतं. पण आज त्यातल्या कुणालाही विचारा, चूल कधी मोडली, तर तो तुमच्याकडं असा बघेल की जणू तुम्ही चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलात. कसली चूल? तेव्हा आपणही ती मोडलीच नाही असं धरून चालू. तसं धरल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, कारण पुढचं सगळं ती मांडण्याबद्दल आहे.

सुरुवात कंपनीनं केली. गंगाखेडहून पालमला जाणाऱ्या रस्त्यावरचा सोयाबीन तेलाचा कारखाना दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला. मालक बदलल्याचं कामगारांना कळलं ते पाण्यावरून. आधी तिथं साखळीनं बांधलेला एक स्टीलचा ग्लास होता आणि त्यातून दोनशे चाळीस माणसं पाणी प्यायची. कंपनीनं ग्लास काढला आणि प्रत्येकाला नाव लिहिलेली बाटली दिली. साखळी मात्र भिंतीला तशीच राहिली, कारण ती काढायचं काम कुठल्या विभागाचं हे ठरेना. मग हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा चित्रांचा फलक लागला आणि पाळी बदलताना हात धुणाऱ्यांची रांग फाटकापर्यंत जाऊ लागली. मग नियम आला की अंगात ताप असेल त्यानं कामावर यायचं नाही, पगार चालू राहील. तो नियम वाचून राणीसावरगावचे तिघं जण एक अख्खा दिवस ताप येण्याची वाट बघत बसले.

ऑगस्टमध्ये ‘साथरोग पूर्वतयारी आराखडा’ आला. चौऱ्याऐंशी पानं, वर स्पायरल. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याचा चौदा दिवसांचा सराव करायचा होता. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं की ज्या कामावाचून कारखाना बंद पडतो, ते काम येणाऱ्या दोन माणसांनी एका वाहनातून येऊ नये आणि एका स्वयंपाकघरातलं जेवू नये. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं पुण्यातले दोन इंजिनिअर असावेत, एक या उपनगरात राहणारा आणि दुसरा त्या. राणीसावरगावात मात्र त्या ओळीनं थेट मुंजाजीच्या घराची कडी वाजवली. मुंजाजीचे दोन्ही लेक, थोरला हरिओम आणि धाकटा बबलू, बॉयलरवर होते. दोघांकडं सरकारी परवाना होता. बॉयलर विझला की कारखाना विझला, आणि हे दोघं एकाच मोटारसायकलवरून जायचे आणि एकाच परातीतल्या भाकरी खायचे.

बॉयलरवरचा तिसरा माणूस भुजंग. तो वालूरचा, पालमला कंपनीच्या खोलीवर राहायचा. पहिली युक्ती हरिओमनंच काढली की चौदा दिवस बबलूनं त्या खोलीवर जाऊन राहावं. पण मग बबलू आणि भुजंग एका स्वयंपाकघरात आले. मग हरिओमनं जावं, तर हरिओम आणि भुजंग एका स्वयंपाकघरात आले. भुजंगला इकडं आणावं, तर तिघंही. कागदावर रेघा मारून मारून हरिओम बेजार झाला. शेवटी कंपनीनं कळवलं की एक तर घरात चुली दोन करा, नाही तर दोघांपैकी एकाला बारदान्याच्या गोदामात घालावं लागेल. परवाना काढायला बबलूनं सहा वर्षं राख ओढली होती. गोदामात जायचं म्हटल्यावर तो दोन दिवस जेवला नाही.

त्याची बायको बबिता मात्र दोन्ही दिवस पोटभर जेवली. एकतिसावं पान तिनं दीपिकाकडून तीनदा वाचून घेतलं होतं. दीपिका ही हरिओमची मुलगी, बारावीला.

बबिताला लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिनं या घरात भाकरीखेरीज काही केलं नव्हतं. भाजी कुठली हे सकाळी नर्मदाबाई ठरवायची. फोडणी आणि मीठ थोरल्या जावेकडं, मनिषाकडं. धाकटीनं भाकरी थापायच्या, दोन वेळच्या मिळून तीस. दीपिकानं एकदा मोबाईलवर आकडा काढून दाखवला होता, काकूनं आतापर्यंत एक लाख वीस हजार भाकरी थापल्या होत्या. बबिताला त्या आकड्याचा अभिमान वाटला नाही. तिला सकाळी उठून आज काय शिजवायचं ते स्वतः ठरवायचं होतं. एवढंच. दागिना नको, परभणीला खोली नको, शेताचा तुकडा नको. तिची आई वालूरहून दर दिवाळीला येसराचा, भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेल्या पिठाचा, डबा पाठवायची आणि नर्मदाबाई तो फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्यायची. येसरानं पित्त होतं म्हणे. वर अकरा डबे झाले होते.

वेगळ्या चुलीचा विषय या घरात एकदाच निघाला होता, बबिताच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा नर्मदाबाई म्हणाली होती, माझ्या डोळ्यादेखत न्हाई. तिचे डोळे अजून ठणठणीत होते. सुईत दोरा ती स्वतः ओवायची.

रविवारी कंपनीची आरोग्य अधिकारी घरी आली. मैत्रेयी तिचं नाव, परभणीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, वय सव्वीस, पाठीला बॅग आणि बॅगेत आराखडा. तिला पत्र्याच्या सावलीत खुर्ची दिली. बाकीचे पोत्यावर, बाजेवर, उंबऱ्यावर बसले. बबिता चहाचे कप घेऊन अशी उभी राहिली की सगळ्यांची तोंडं दिसावीत आणि आपलं कुणाला दिसू नये.

नर्मदाबाईनं पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला.

"रोग कंचा हाय?"

"रोग नाही, आजी. सराव आहे."

"मंग माणसं कशापाई तोडायलीस?"

"रोग आला तर काय करायचं, त्याचा सराव."

"आल्यावर करू की."

यावर मैत्रेयीनं बरंच सांगितलं. मोठ्या कंपन्या आता साथ येण्याची वाट बघत नाहीत, कामगाराला जपलं तर कारखाना जपला जातो, अमुक टक्के, तमुक देश. नर्मदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मनिषाला विचारलं, शेळीला पाणी दाखवलं का. मनिषा सासूच्या बाजूनं बोलली. मॅडम, आमच्यात असं चालत न्हाई, लोकं म्हणतील जावाजावांचं पटंना. हे बोलताना तिनं बबिताकडं बघितलं नाही. हरिओम आईच्या बाजूनं गप्प बसला आणि बबलू कुणाच्याच बाजूनं गप्प बसला, हा त्याचा जन्मापासूनचा पक्ष होता.

बबिताला वाटलं, गेलं. चौऱ्याऐंशी पानं गेली.

तेव्हा मैत्रेयीनं आराखडा मिटला आणि जरा हळू बोलली. "मागच्या साथीत या कारखान्यात एकच ग्लास होता, आजी. कोण कुणाशेजारी जेवलं, कोण कुणाच्या गाडीवर आलं, कुठंच लिहिलेलं नव्हतं. रात्रपाळीचे रखवालदार गेले, त्यांना कुणापासून झालं ते आजही कारखान्याला सांगता येत नाही. मला तेवढं एक परत होऊ द्यायचं नाही."

तिला माहीत नव्हतं. ती नवीन होती. रखवालदार म्हणजे आश्रुबा, नर्मदाबाईचा धाकटा भाऊ. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे. आता मैत्रेयीनंही घेतलं नाही, तरी ते येऊन अंगणात बसलं. मुंजाजी पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. बबलूनं कप खाली ठेवला.

"त्याला आमच्या घरातनं झाला काय?" नर्मदाबाईनं विचारलं.

मैत्रेयीला उशिरा कळलं, पण कळलं. ती म्हणाली, "माहीत नाही, आजी. कुणालाच माहीत नाही."

मग नर्मदाबाई उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि सांगितलं, "चौदा. पंधरावा दिस न्हाई." आणि आत गेली. आतून भांडी काढल्याचा आवाज यायला लागला. बबिताच्या वाट्याला आलेल्या कढईला एक कान होता आणि पातेल्याला बूड वाकडं होतं. बबिताला ती दोन्ही इतकी आवडली की तिनं ती दोनदा घासली.

चूल तिनं स्वतः घातली. पूर्वेच्या पडवीत, काळ्या मातीची, तीन दिवस वाळवली, चौथ्या दिवशी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. वाटणी कशी करायची याचा आराखडा कंपनीकडं होता, पण मुंजाजीकडं त्याहून जुना होता. मुंजाजीनं पन्नास वर्षं मेंढरं राखली होती. कळपात आजार शिरायचा वास आला की कळप दोन करायचा, खुणा करायच्या, एका पाणवठ्यावर दोघांना न्यायचं नाही. त्यानं गेरू कालवला आणि बबलूच्या दाराला, बबलूच्या बादलीला, बबलूच्या ताटांच्या बुडाला तांबड्या रेघा ओढल्या. हरिओमच्या बाजूला नीळ. मग बबलू कामाला निघाला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला थांबवलं, पाठीमागं गेला आणि गणवेशावर दोन्ही खांद्यांच्या मधोमध गेरूचा पट्टा मारला.

"बाबा, मी माणूस हाव," बबलू म्हणाला.

"लांबनं दिसत न्हाई," मुंजाजी म्हणाला.

कारखान्यात लोक हसले. मैत्रेयी हसली नाही. तिनं फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून पत्र आलं की पाठीवरच्या रंगामुळं कोण कुठल्या गटातला हे कॅमेऱ्यात पन्नास फुटांवरून ओळखू येतं, तरी सर्व गटांना रंग द्यावेत. आठवडाभरात कारखान्यात दोनशे चाळीस पाठी रंगल्या. मुंजाजीला कंपनीनं टोपी पाठवली. ती त्यानं एडक्याला घालून बघितली.

पहिल्या दिवशी बबिताची आमटी खारट झाली. अकरा वर्षांत मिठाचा अंदाजच गेला होता. तिचा हात अजून नऊ माणसांच्या घरात होता आणि जेवायला बसली होती चार, ती दोघं आणि त्यांच्या दोन मुली. बबलूनं न बोलता तांब्याभर पाणी पिऊन आमटी संपवली. दुसऱ्या दिवशी अळणी झाली. तिसऱ्या दिवशी बरोबर. चौथ्या दिवशी तिनं दीपिकाकडून फडताळावरचा एक डबा खाली मागवला, तो अंगण दोन करायला मारलेल्या चुन्याच्या रेघेवर ठेवून घेतला, आणि संध्याकाळी येसराची आमटी केली.

तिकडं, निळ्या बाजूला, भाकरीची आबाळ झाली होती. मनिषाला भाकरी यायची, पण सवय मोडलेली. तिची भाकरी कडेला जाड आणि मध्ये जाळी. त्यापेक्षा वाईट म्हणजे आता नर्मदाबाईला बोलायला दोन सुनांऐवजी एकच उरली होती. पूर्वी अर्धं अर्धं वाटलं जायचं ते सगळं मनिषाच्या एकटीच्या अंगावर येऊ लागलं. पाचव्या दिवशी मनिषा कपडे वाळत घालायच्या निमित्तानं रेघेपर्यंत आली आणि तोंड न हलवता म्हणाली, "बबे, तुमच्या त्या पुस्तकात तीन चुलींचं काही हाय का गं?"

सहाव्या दिवशी मैत्रेयी तपासणीला आली. तिनं ताटं बघितली, बादल्या बघितल्या, सगळं ठीक होतं. मग तिनं सहज विचारलं की आजोबा कुठल्या बाजूला जेवतात. दीपिकानं सांगून टाकलं. मुंजाजी सकाळी निळ्या बाजूला जेवून मेंढरांमागं जायचा आणि संध्याकाळी येताना येसराच्या वासानं तांबड्या बाजूला वळायचा, आणि मग नर्मदाबाईला वाईट वाटू नये म्हणून तिकडंही अर्धी भाकरी खायचा. सहा दिवसांत त्याचा गाल वर आला होता. मैत्रेयीनं आराखडा उघडून सांगितलं की दोन गटांना जोडणारा असा एक माणूस असला की सगळा सराव वाया गेला. आजोबांनी एक बाजू धरावी.

एकावन्न वर्षांचा संसार होता. नर्मदाबाई दारात उभी होती आणि तिला या प्रश्नात प्रश्न असा दिसतच नव्हता. ती त्याचं घोंगडं झटकायला वळली होती.

"तांबडी," मुंजाजी म्हणाला.

घोंगडं तसंच हातात राहिलं. मुंजाजीनं घाईघाईनं कारण सांगितलं की कळप तोडला की जित्राबं ज्या बाजूला कमी असतात तिथं धनगरानं थांबायचं असतंय, तशी रीतच हाय. रीत खरीच होती. पण त्याच्या मिशीला कालच्या रात्रीपासून येसर लागलेलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. नर्मदाबाईनं घोंगडं दीपिकाकडं दिलं, दीपिकानं ते रेघेवर ठेवलं, बबितानं उचललं. त्यानंतर तीन दिवस नर्मदाबाई कुणाशी बोलली नाही. मनिषा म्हणायची, ते तीन दिवस तिच्या लग्नानंतरचे सगळ्यात चांगले गेले.

बबिताला सासूला हरवल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण सासरा रात्रीचं जेवण झालं की रेघेजवळ जाऊन खोकायचा, उगाच, आणि तिकडून कुणी काही म्हणतंय का ते बघायचा. कुणी म्हणायचं नाही. मग तो परत येऊन सुनेला सांगायचा की आमटी झकास झाली होती, आणि हे तो असं सांगायचा की जणू तिनंच काही गुन्हा केलाय.

दहाव्या दिवशी आराखड्याप्रमाणं रुग्ण निघायचा होता. चिठ्ठी काढली, हरिओमची निघाली. त्याला घरी पाठवून एका खोलीत बसवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि कंपनीतून दर चार तासांनी फोन सुरू झाले. फोन करणाऱ्याच्या हातात छापील प्रश्न असायचे.

"ताप किती आहे?"

"ताप न्हाई."

"साहेब, आराखड्याप्रमाणं तुम्हाला एकशे एक आहे."

"मंग तुमालाच म्हाईत हाय की. मला कशाला विचारायलाव?"

"उत्तर तुमच्या तोंडून यावं लागतं."

"एकशे एक," हरिओम म्हणायचा, आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. नर्मदाबाईनं एकशे एक ऐकलं आणि तिनं काढा उकळला. सराव आहे हे तिला सांगून झालं, पण एकशे एक म्हणजे एकशे एक. चौथ्या दिवसापर्यंत काढ्यानं हरिओमचं पोट बिघडलं, तेव्हा कुठं कंपनीच्या तक्त्यात त्याची पहिली खरी नोंद झाली.

आणि सराव यशस्वी झाला, हेही सांगायला हवं. हरिओम खोलीत असताना बबलूनं आणि भुजंगानं मिळून बॉयलर चार दिवस चालू ठेवला. कुणाच्या जागी कोण, कुणी कुणाबरोबर जेवायचं, सगळं लिहिलेलं होतं आणि लिहिल्याप्रमाणं झालं. खरीच साथ असती तरी कारखान्याचा धूर थांबला नसता आणि निम्मी माणसं वाचली असती. मैत्रेयी हे सांगायला तेराव्या दिवशी संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिनं सगळ्यांचे आभार मानले आणि कळवलं की उद्या सराव संपतोय, तात्पुरत्या सगळ्या सोयी काढून टाकाव्यात.

"पहार कुठं हाय?" नर्मदाबाईनं विचारलं. तीन दिवसांचं मौन आणि त्यानंतरचं तुटक बोलणं जमेस धरता हे तिचं आठवड्यातलं सगळ्यात मोकळं वाक्य होतं.

तेव्हा मुंजाजीनं हरकत घेतली. कळप असा एकदम मिसळायचा नसतो. शेवटचं आजारी जनावर बरं झालं की तिथून एकवीस दिवस मोजायचे आणि मग मिसळायचा.

"हरिओमला काय बी झालेलं न्हाई," नर्मदाबाई म्हणाली.

"मंग बरा कशानं होईल?"

मुंजाजीचं म्हणणं चुकीचं आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण कुठं ते सापडेना. जो आजारी नाही तो बरा होणार नाही, जो बरा होणार नाही त्याचे एकवीस दिवस सुरू होणार नाहीत. बबिताच्या छातीत काहीतरी उजळलं. सगळ्यांनी मैत्रेयीकडं बघितलं. मैत्रेयीनं आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. साथ सुरू कशी करायची यावर चौऱ्याऐंशी पानं होती. संपवायची कशी यावर एक ओळ होती, परिस्थिती पूर्ववत झाल्यावर पूर्ववत करावे.

"परिस्थिती कोण ठरवतंय?" नर्मदाबाईनं विचारलं.

"घरापुरती... घरातली मोठी माणसं," मैत्रेयी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला आपलं चुकलं हे कळलं.

ती गेल्यावर बबिता पहिल्यांदाच रेघ ओलांडून गेली. नर्मदाबाई तांदूळ निवडत बसली होती. बबिता समोर बसली आणि सुपातले दोन खडे काढून दिले.

"आत्याबाई, मी तुमच्यापासनं वायली निघायलेय असं न्हाई. सकाळी उठून आज काय रांधायचं ते मला ठरवू द्या. बाकी सगळं तुमचं."

"ते ठरवायला लागलं की माणूस दुसरं बी ठरवायला लागतंय."

"अकरा वर्सं झाली."

"मला एकावन्न झाली." नर्मदाबाईनं सूप खाली ठेवलं. मग ती जे बोलली ते बबितानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि तिनं ते मान वर न करता सांगितलं. "आजारी पडायच्या आदल्या ऐतवारी आश्रुबा माझ्यापाशी जेवायला होता. अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. कधी ठेवत नव्हता. मी बघितलं, आन काय झालं म्हणून विचारलं न्हाई. एक चूल असली की कोण जेवलं, कोण उठलं, मला दिसतंय. हे चौदा दिस मला निम्मी ताटं दिसली न्हाईत, बबिता. रातच्याला झोप लागत न्हाई मला."

बबिता बसून राहिली. अकरा वर्षं तिनं सासूवरचा राग नीट घडी घालून ठेवला होता, असा की कधीही काढला तर वापरता यावा. आता त्याचंही काही करता येईना. तिला हे सगळ्यात जास्त लागलं. रागवायची सोयसुद्धा या बाईनं काढून घेतली. ती उठली, परत आली, पऱ्हाट्या पेटवल्या, आणि आमटीत मीठ किती घातलं ते तिला आठवेना.

चौदाव्या दिवशी सकाळी बबलू म्हणाला की माय म्हणते तसं करू, लय ताणू नको. मुंजाजी म्हणाला की त्याच्या नावावर काही घालू नका, त्याला रेघेपलीकडं परत जायचंय. मनिषा मात्र भाकरी टाकून आली आणि म्हणाली की काहीतरी लिहून द्या, कंपनी कागदाला मान देते. तिची माहेरची आजी अर्जाला म्हणायची तशी एक दरखास्त द्यावी. त्या रविवारी सासूच्या बाजूनं बोललेली ही जाऊ, आणि आज पहिली सही करायला तीच पुढं.

कागद दीपिकानं लिहिला. बबिता सांगत गेली, आणि मध्ये एकदा थांबली, तेव्हा दीपिकाला वाटलं काकूला शब्द सुचत नाहीत. पण काकू शेवटच्या ओळीत आत्याबाईंनाही बसवता येतंय का, ते बघत होती. दुपारी मैत्रेयीनं कागद घेतला, दोनदा वाचला, आराखड्यात सांगितल्याप्रमाणं त्यावर आवक क्रमांक घातला आणि पुण्याला पाठवून दिला. तो असा होता:

प्रति,
मा. मुख्य व्यवस्थापक, आरोग्य व सुरक्षा विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: साथ चालू ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करण्यात येते की, आपल्या आराखड्यानुसार दिनांक १ ते १४ या कालावधीत आमच्या घरी दोन चुलींवर स्वयंपाक करण्यात आला व त्यामुळे बॉयलर बंद पडला नाही. सदर सराव आज संपत असून उद्या सकाळी आमची चूल काढण्यात येणार आहे. तरी मौजे राणीसावरगाव येथे साथ कायमस्वरूपी चालू असल्याचे आपल्या स्तरावरून जाहीर व्हावे, दोन्ही चुलींवर जेवलेल्यांची ताटे रोज दोन वेळा आमच्या सासूबाई श्रीमती नर्मदाबाई यांना तपासू देण्याची सोय व्हावी, आणि सदर साथीत कोणीही आजारी पडू नये, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
सौ. मनिषा हरिओम
सौ. बबिता बबलू